शेजारी झोपणाऱ्यांची साक्ष

‘रात्र’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी फोनवर सांगितला, तेव्हा जालन्यातल्या एका छातीच्या डॉक्टरांचं बोलणं मनात आलं. ते म्हणाले होते, “माझ्या पेशंटचा एक आजार मला ओपीडीत कधी दिसतच नाही. तो येतो रात्री दोनला आणि पेशंट येतो सकाळी अकराला. मला जे काही कळतं ते बरोबर आलेल्या बाईकडून.”

आजार म्हणजे झोपेत श्वास अडकणं. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. घोरणं ही त्याची सगळ्यांना ऐकू येणारी खूण. पूर्वी त्याची तपासणी करायची तर मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत, परक्या खाटेवर, डोक्यापासून पायापर्यंत वायरी लावून रात्र काढावी लागे. आता तपासणीचं यंत्र पिशवीत मावतं आणि पेशंटच्या घरी येतं. जालना जिल्ह्यातल्या घरांत ते कसं येतं आणि ते येऊन गेल्यावर त्या घरात काय होतं, हे बघायला निघाले.

पट्टा, नळी आणि बोटाची चिमटी

अंबड चौफुलीच्या पुढच्या एका वसाहतीतलं घर. रात्रीचे साडेनऊ. घरधनी मोंढ्यात आडतीचा धंदा करतात. वय बावन्न, अंगाने भरलेले, मान आखूड. सामान घेऊन आलेला मुलगा पंचविशीचा. संध्याकाळी संभाजीनगरहून आला होता, रात्री मावशीकडे मुक्काम करून सकाळी यंत्र गोळा करून परत जाणार होता.

त्याने पलंगावर सामान मांडलं. छातीभोवती बांधायचा लवचिक पट्टा, त्यावर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, नाकाखाली लावायची पातळ नळी आणि बोटात घालायची रबरी चिमटी. “काका, पट्टा बनियनवरून लावतो. उघड्या अंगावर लावला की घामानं सरकतो.” पट्टा बसला. नळी बघितल्यावर मात्र काका मागे सरले. “ऑक्सिजन कशाला लावायला?” करोनात त्यांचे थोरले भाऊ याच नळीसकट गेले होते. मुलाला हे नवीन नव्हतं. त्याने नळीचं दुसरं टोक त्यांच्याच हातात दिलं. “बघा, हिच्यातून काहीच येत नाही. तुमच्या नाकातून हवा येते-जाते, तिचा दाब ही मोजते, एवढंच.” बोटाच्या चिमटीचं काही सांगावं लागलं नाही. ऑक्सिमीटर करोनाने घराघरांत पोचवला आहे. फक्त ही चिमटी रात्रभर बोटात राहणार होती आणि तिचं मोजमाप दर क्षणाला डबीत जमा होणार होतं.

मग सूचना. रोज ज्या वेळी झोपता त्याच वेळी झोपा. कुशीवर झोपायची सवय असेल तर कुशीवर. दिव्याच्या उजेडात झोपत असाल तर दिवा राहू द्या. दारू घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा, आज मुद्दाम जास्तही नको आणि कमीही नको. लघवीला उठलात तर काही काढायचं नाही, तसंच जाऊन यायचं. चिमटी निघाली तर परत घालायची, घाबरायचं नाही. रात्रीतून निदान चार तासांची नोंद पक्की हवी. लाईट गेली तरी हरकत नाही, डबी बॅटरीवर चालते. गालावर नळी धरून ठेवणारी चिकटपट्टी दाढीवर टिकेना, तेव्हा ती कानामागून घेतली. बायकांची तपासणी असते तेव्हा तो आदल्या दिवशीच फोन करून सांगतो, की एका बोटाचं नेलपॉलिश काढून ठेवा आणि मेंदी नुकतीच काढली असेल तर तपासणी पुढे ढकलू. गडद रंगाने चिमटीतला प्रकाश नीट पार जात नाही.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. सव्वीस वर्षं त्या या आवाजाशेजारी झोपल्या आहेत. मी विचारलं, झोप लागते का? त्या म्हणाल्या, “आवाज चालू असला की लागते. आवाज बंद पडला की जागी होते. मग मोजत बसते. दहा, पंधरा, वीस... मग ते मोठ्यानं श्वास ओढतात आणि मी पडते.” डॉक्टरांच्या व्याख्येत दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला तर ती एक घटना. काकूंना व्याख्या माहीत नव्हती, मोजणी मात्र त्यांनी दहापासूनच सुरू केली होती.

गळ्यात काय घडतं

वर नाकाला हाडांचा आधार आहे, खाली श्वासनलिकेला कुर्चेच्या कड्या आहेत. या दोहोंच्या मधला, जिभेमागचा गळा मात्र नुसत्या स्नायूंचा आहे. बोलायला आणि गिळायला तो मऊच असावा लागतो. जागेपणी स्नायू ताणलेले असतात म्हणून वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे येते, टाळूचा पडदा लोंबतो. अरुंद झालेल्या वाटेतून हवा गेली की पडदा थरथरतो, ते घोरणं. वाट पुरती मिटली की आवाज बंद. छाती आणि पोट हवा ओढायला धडपडत असतात, आत काही जात नाही. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात, घुसमटून श्वास आत येतो. माणसाला जाग आल्याचं आठवतही नाही. पुन्हा डोळा लागतो, पुन्हा तेच.

प्रत्येक घुसमटीत शरीर घाबरल्यासारखं वागतं. नाडी धावते, रक्तदाब चढतो. रात्रीतून हे शेकडो वेळा झालं की दिवसाचा रक्तदाबही उतरेनासा होतो. डॉक्टरांकडे बीपीच्या तीन-तीन गोळ्या घेणारे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना घोरण्याबद्दल कुणी विचारलेलंच नसतं. दुसरी खूण लघवीची. छातीतल्या ओढाताणीने हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो, त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं आणि माणूस रात्रीतून तीन-चारदा उठतो. त्याला वाटतं शुगर असेल, प्रोस्टेट असेल. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, आठ तास झोपूनही अंग मोडून आलेलं.

घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, हे इथेच सांगायला हवं. आणि हा केवळ जाड माणसांचाही आजार नाही. वजन, मानेचा घेर, दारू यांनी तो वाढतो हे खरं. पण जबडा लहान आणि मागे सरलेला असेल तर सडपातळ माणसाचाही गळा मिटतो. आपल्या भागातल्या लोकांत तुलनेने कमी वजनालाही तो दिसतो, म्हणून ‘मी कुठे जाड आहे’ ही समजूत फसवी आहे. त्याहून मोठी फसगत म्हणजे घोरणाऱ्याला गाढ झोप लागते हा आपल्याकडचा पक्का समज. लग्नाच्या घरात पाहुण्यांच्या रांगेतला घोरासुर हा सगळ्यांच्या हसण्याचा विषय. त्या रांगेतला सगळ्यांत कमी झोपलेला माणूस बहुधा तोच असतो.

दर दीड मिनिटाला

मोंढ्यातल्या काकांचा अहवाल आला: तासाला 41 घटना. म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. ऑक्सिजन खाली जाऊन 72 पर्यंत पोचलेला. तासाला 5 पर्यंतच्या घटना सोडून देतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढे तीव्र. काकांनी 72 चा आकडा बघितला आणि कितीतरी वेळ बोलले नाहीत. करोनात 72 आकडा दिसला असता तर घरच्यांनी गाडी काढली असती.

घरच्या तपासणीची एक मर्यादा डॉक्टर प्रत्येक पेशंटला सांगतात. प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी टिपतात, त्यामुळे माणूस नेमका किती वेळ झोपला ते कळतं. घरच्या साध्या यंत्राला ते कळत नाही. ते एकूण घटनांना नोंदीच्या एकूण तासांनी भागतं, आणि त्या तासांत काका छताकडे बघत जागे पडले होते तो वेळही धरलेला असतो. त्यामुळे आकडा खरा असतो त्याहून कमी येऊ शकतो. अहवाल वाईट आला तर विश्वास ठेवा. चांगला आला आणि लक्षणं मात्र सगळी असतील, तर तपासणी पुन्हा करा किंवा प्रयोगशाळेत जा. हृदय कमजोर असलेले, फुप्फुसाचा जुना आजार असलेले, पक्षाघात होऊन गेलेले यांच्यासाठी घरची तपासणी पुरेशी नाही. लहान मुलांसाठी तर नाहीच. मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना त्याचे टॉन्सिल आणि ॲडिनॉइड दाखवायचे.

महाराष्ट्रात या तपासणीला वीस वर्षांहून जुना इतिहास आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या 658 पुरुषांना झोपेबद्दलची प्रश्नावली दिली आणि त्यांपैकी 250 जणांची रात्रीची तपासणी त्यांच्या घरी केली. 2004 साली निष्कर्ष छापून आले. झोपेत श्वासाचा बिघाड 19.5 टक्क्यांमध्ये होता. बिघाडासोबत दिवसाची पेंगही होती असे 7.5 टक्के. ही सगळी स्वतःला धडधाकट समजणारी माणसं. 2023 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातली अशी संशोधनं एकत्र केली, तेव्हा भारतातल्या सुमारे 11 टक्के प्रौढांना हा आजार असावा असा अंदाज निघाला, म्हणजे साधारण 10 कोटी 40 लाख माणसं. पुरुषांत 13 टक्के, बायकांत 5. या शेवटच्या आकड्याकडे पुढे येतेच.

जालन्यात लोकांनी आजाराचं नाव ऐकलं ते मात्र संशोधनातून नव्हे. 15 फेब्रुवारी 2022 ला संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले आणि डॉक्टरांनी कारणांत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. “त्यानंतर काही दिवस लोक विचारायला यायचे,” डॉक्टर म्हणाले. “घोरण्यानं माणूस मरतो का, एवढंच विचारायचे. तपासणीला थोडेच थांबले.”

समृद्धीवरची पेंग, भट्टीवरची पाळी

जालना हे रात्री जागणारं गाव आहे. एमआयडीसीत सळयांचे कारखाने चोवीस तास चालतात. भट्टीपाशी रात्रपाळी करणारा कामगार सकाळी आठला घरी जातो, पत्र्याच्या खोलीत उन्हं चढेपर्यंत झोपतो, आठवड्याने पाळी बदलते. त्याची पेंग पाळीमुळे की श्वास अडकण्यामुळे, हे त्याच्याशी बोलून कुणालाही सांगता येत नाही. अशा माणसाची तपासणी तो ज्या वेळी झोपतो त्या वेळी, म्हणजे भर दुपारी करावी लागते. यंत्र न्यायला येणाऱ्या मुलाला मग संध्याकाळी जावं लागतं.

खेड्यात वेगळीच अडचण. शेतीच्या लाईटची पाळी आठवडाभर दिवसा असते, आठवडाभर रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी बाराला उठून मोटार चालू करायला जातो आणि पहाटेपर्यंत दारं धरत बसतो. त्या आठवड्यात तपासणी लावून उपयोग नाही. परतूरकडच्या एका शेतकऱ्याने तारीख दोनदा पुढे ढकलली तेव्हा संभाजीनगरहून फोन करणाऱ्याला वाटलं, माणूस टाळतोय. तो टाळत नव्हता. मोसंबीला पाणी देत होता.

आणि रस्ता. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. त्या अपघाताचं कारण काय, हा चौकशीचा विषय. पण तेव्हापासून या सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचा डोळा लागण्याची चर्चा ढाब्याढाब्यावर आहे. सळया घेऊन नागपूरला निघालेला एक चालक चहा घेता घेता सांगत होता, पेंग आली की हिरवी मिरची चावतो, तोंडावर पाणी मारतो, तंबाखूचा बार भरतो. “पण ताई, घरी दोन दिस झोपून निघालो तरी तासाभरात पेंगच येते.” क्लीनर मध्येच म्हणाला, “भाऊ झोपेत दम कोंडून धरतेत. मी हलवून उठवतो.” चालकाने त्याच्याकडे डोळे वटारले.

या दोन वाक्यांत निदानाचा निम्मा भाग आला. झोप पूर्ण होऊनही पेंग, आणि शेजारी झोपणाऱ्याने बघितलेली घुसमट. चालक ते लपवतात याचं कारण पोटाचं आहे. मालकाला कळलं तर गाडी दुसऱ्याच्या हातात जाईल. परवान्यासाठीच्या डॉक्टरी दाखल्यात नजर, रंग, ऐकू येणं, हातापायांची हालचाल यांची विचारणा होते. घोरण्याची होत नाही. ती व्हावी असं मला वाटतं, पण आजार निघाल्यावर उपचार सुरू केलेल्या चालकाला पुन्हा गाडीवर घेण्याची हमी आधी हवी. नाहीतर खरं सांगणारा चालक घरी बसेल आणि न सांगणारा रस्त्यावर राहील.

हवेचा दाब आणि घरचं माणूस

तीव्र आजारावर मुख्य उपचार म्हणजे सीपॅप यंत्र. सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते पहिल्यांदा वापरलं आणि 1981 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. पहिल्या पाच पेशंटना मास्क रोज चिकटद्रव्याने चेहऱ्यावर चिकटवावा लागे आणि मोटारीचा आवाज खोलीभर भरे. आजचं यंत्र उशीशेजारच्या स्टुलावर मावतं आणि पुटपुटल्याइतकाच आवाज करतं. तत्त्व तेच: नाकावरच्या मास्कमधून दाबाची हवा सोडायची, म्हणजे गळा मिटतच नाही. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, साधारण 4 ते 20. हा दाब किती, हे त्या तंत्रज्ञ मुलाने एका आजोबांना बादलीने समजावलं. नळी पाण्यात दहा सेंटिमीटर बुडवून फुंकायला लावली. बुडबुडे यायला जेवढा जोर लागतो तेवढाच हा दाब. आजोबांनी दोनदा फुंकून बघितलं आणि म्हणाले, “एवढाच ना?”

एवढाच असला तरी तो रोज, रात्रभर, जन्मभर सोसायचा असतो. यंत्र दुकानातून घरी येणं सोपं; किंमत पंचवीस-तीस हजारांच्या पुढे आणि दाब आपोआप कमी-जास्त करणाऱ्यांची बरीच जास्त, पण हप्त्यांवर मिळतं. ते दुसऱ्या महिन्यात चालू राहणं अवघड.

भोकरदन तालुक्यातले जिल्हा परिषद शाळेचे एक निवृत्त मुख्याध्यापक. यंत्र आलं त्या आठवड्यातच शेजारच्यांनी गावभर केलं, ‘गुरुजी ऑक्सिजनवर आहेत.’ धाकट्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. यंत्र माळ्यावर गेलं. लग्न लागून मुलगी नांदायला गेली, त्यानंतर गुरुजींनी ते खाली काढलं. मधल्या आठ महिन्यांत ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपत होते आणि एकदा मोटारसायकलसकट चारीत गेले होते. हे सांगताना त्यांच्या पत्नी रागावल्या होत्या, अजूनही. “मी म्हणत होते, लावा. पाव्हण्यांना मी सांगते काय ते. माझं कुणी ऐकलं नाही.”

आता गुरुजींच्या घरात यंत्राभोवती एक शिस्त तयार झाली आहे आणि तिच्यात बारकावे बरेच आहेत. मिशीमुळे मास्कच्या कडेने हवा निसटायची आणि डोळ्यांत जायची. नाकपुड्यांना लागणाऱ्या छोट्या उशीवजा मास्कने ते थांबलं. हवा ओलसर ठेवणाऱ्या टाकीत बोअरचं पाणी घातलं तर महिन्याभरात पांढरा थर बसला. आता मेडिकलमधून डिस्टिल्ड पाणी आणतात. रोज सकाळी मास्क साबणाच्या पाण्याने धुतात, म्हणजे चेहऱ्याच्या तेलाने तो सैल पडत नाही. गाळणी बदलायची तारीख कालनिर्णयवर लिहिलेली असते. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. त्यावर यंत्र चालतं, पण पाणी तापवणारा भाग वीज खातो, म्हणून लाईट गेली की तो बंद करायचा. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायला जातं. गुरुजींनी गच्चीवर प्लग काढून घेतला.

यातलं बहुतेक सगळं त्यांच्या पत्नीने शोधून काढलं. यंत्र विकणाऱ्याने पहिल्या दिवशी सांगितलं ते एवढंच: हे बटण दाबा.

दोन गोष्टी खऱ्याखुऱ्या सांगायला हव्यात. सीपॅपमुळे दिवसाची पेंग जाते, मन उत्साही होतं, बीपी थोडं उतरतं. पण त्याने हृदयविकाराचा झटका टळतोच असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी 2016 ची मोठी चाचणी वाचावी. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 2,717 जणांवर ती झाली आणि यंत्र वापरणाऱ्यांत तसे झटके कमी झालेले दिसले नाहीत. त्या पेशंटनी यंत्र वापरलं होतं रात्रीतून सरासरी 3.3 तास. निम्म्या रात्रीच्या उपचारातून पूर्ण गुण कसा येणार, हा प्रश्न तेव्हापासून खुला आहे. दुसरी गोष्ट जुन्या यंत्रांची. 2021 मध्ये फिलिप्सने आतल्या आवाज दाबणाऱ्या फोमच्या दोषामुळे जगभरातली लाखो यंत्रं परत मागवली. स्वस्तात मिळतं म्हणून जुनं यंत्र घेणाऱ्यांनी त्याचा क्रमांक तपासल्याशिवाय घेऊ नये.

यंत्राशिवायचे मार्गही आहेत, पण ते माणूस बघून. सौम्य आजारात, पाठीवर झोपल्यावरच घोरणाऱ्याला कुशीवर झोपायची सवय लावली तरी फरक पडतो. दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारं साधन बनवून देतात. वजन दहा टक्के उतरलं तर घटनांचा आकडा साधारण पाव हिश्श्याहून जास्त उतरतो. वजनाच्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये लठ्ठ माणसांतल्या मध्यम ते तीव्र आजारासाठी मान्यता मिळाली. ते भारतात मिळतं, खर्च मात्र दर महिन्याचा आहे. नाकाचं वाकडं हाड सरळ केलं तर मास्क सोसणं सोपं होतं. त्या एका शस्त्रक्रियेने आजार जाईल असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावं. आणि रात्रीची दारू सोडणं, हा बिनपैशाचा उपचार.

दुसऱ्या आठवड्यात कोण येणार?

घरच्या तपासणीचं मला मनापासून कौतुक वाटतं. जालन्याहून संभाजीनगर साठेक किलोमीटर, मंठ्याहून त्याच्या दुपटीच्या आसपास. तिथे रात्र काढायला दोन माणसं लागतात, दोन दिवसांची मजुरी बुडते. यंत्र घरी आलं म्हणजे हा सगळा भार उतरतो आणि माणूस आपल्या गादीवर जसा झोपतो तसाच मोजला जातो.

पण सध्या तपासणी आणि विक्री बहुतेक ठिकाणी एकाच हाताने होते. काही जण तपासणी फुकट करतात, कारण पुढे यंत्र खपतं. अहवालावर कुठल्या तरी दूरच्या डॉक्टरांची सही असते; त्यांनी पेशंटला बघितलेलं नसतं, आणि संगणकाने मोजलेल्या घटना पुन्हा नजरेखालून घातल्या की नाही हेही कळत नाही. पेशंटने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. अहवाल कुणी वाचला? मास्क बदलून मिळेल का? आणि पंधरा दिवसांनी अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. यंत्र अंगवळणी पडणार की माळ्यावर जाणार, हे बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच ठरून जातं. नाक चोंदणं, मास्कची कड टोचणं, घुसमटल्यासारखं वाटणं, यांतली प्रत्येक तक्रार लहान असते आणि तिच्यावर इलाज असतो. पण त्या वेळी विचारायला कुणी नसतं. यंत्रात रोजच्या वापराची नोंद होत असते. ती कुणी तरी उघडून बघितली पाहिजे.

जालन्यात 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या छातीच्या विभागाकडे अशी चार-सहा तपासणी यंत्रं आणि पाठपुरावा करणारी एक परिचारिका असावी, हे मागणं फार मोठं नाही. गावोगाव तिशीपुढच्या माणसांचं बीपी-शुगर आशाताई आधीच नोंदवतात. त्याच बैठकीत पेशंटच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारता येईल: झोपेत यांचा श्वास थांबतो का? या प्रश्नाला यंत्र लागत नाही.

साक्षीदार नसलेली

पण शेजारी कुणीच झोपत नसेल तर?

घनसावंगी तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेची गाठ पडली ती या प्रश्नापायी. वय चौपन्न. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. पुढच्या खोलीत मुलगा-सून, मागच्या खोलीत या एकट्या. तीन वर्षं सकाळी डोकं दुखतं. थकवा म्हणून हिमोग्लोबिन तपासलं, थायरॉईड तपासलं, दोन्हींच्या गोळ्या सुरू झाल्या. झोप लागत नाही म्हणाल्या तर झोपेची गोळी मिळाली. बीपीच्या गोळ्या एकाच्या तीन झाल्या. घोरता का, असं कुणीच विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलंही नाही. “बाईमाणूस घोरतंय म्हणून कुणाला सांगायचं?”

पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो. त्यांची लक्षणंही पुरुषांसारखी धडधडीत नसतात. थकवा, निद्रानाश, उदासी अशा रूपाने येतात आणि ‘या वयात होतंच’ या वाक्याखाली गाडली जातात. एम्सच्या आकड्यातले ते 5 टक्के वाचताना म्हणूनच सावध राहावं. बाईच्या घोरण्याची साक्ष द्यायला कुणी जागं नसतं, आणि असलं तरी ते बाहेर बोलत नाही.

इथे साक्ष दिली सुनेने. बाळाच्या दुधासाठी ती रात्री उठायची, तेव्हा मागच्या खोलीतला आवाज मध्येच तुटतो हे तिच्या लक्षात आलं. दोन रात्री ती बाळाला घेऊन सासूजवळ झोपली आणि मोबाइलवर आवाज टिपला. मुलाने ते रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवलं. महालक्ष्म्या बसायच्या होत्या, म्हणून तपासणी सणानंतर ठरली. बोटाला मेंदी लावायची नाही, हे सुनेने लक्षात ठेवलं. पहिल्या रात्री चिमटी निघून पडली आणि नोंद वाया गेली. दुसऱ्या रात्री ती नीट झाली. तासाला 27. झोपेच्या गोळीने गळा आणखी सैल पडत असणार, म्हणून डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करून थांबवायला सांगितली.

अहवाल हातात घेऊन बाईंनी यंत्राची किंमत विचारली नाही. त्यांनी विचारलं, “दुपारी पोरांना झोपवताना माझाच डोळा लागतो. मागच्या वर्षी एक लेकरू दाराबाहेर गेलं होतं. ते थांबंल का?”

डॉक्टर म्हणाले, थांबेल. पण पहिला महिना एकही रात्र सोडायची नाही आणि दुसऱ्या आठवड्यात मास्क घेऊन इकडे यायचं. घनसावंगीहून जालन्याला यायचं म्हणजे बाईंना अंगणवाडीची रजा टाकावी लागते. डॉक्टरांनी तारीख रविवारची दिली.